हिरवा शालू

ट्रंकेत शालू नव्हता. बनुबाईनं सगळी लुगडी पलंगावर उपसली, ट्रंक उपडी केली, तरी नव्हता. ती नवरी होऊन या घरात आली तेव्हा सासूनं उंबऱ्यावरच तिच्या खांद्यावर टाकलेला तो शालू. एरवी वर्षातून एकदा ऊन दाखवायलाच तो बाहेर निघायचा.

ट्रंकेच्या किल्ल्या दोनच. एक तिच्या कमरेला, दुसरी नवऱ्याकडं.

"आवं, माझा शालू बघितला का?"

"मला काय ठावं? मी काय नेसतोय व्हय?" आरशासमोर मिशा कातरत जोतीराम म्हणाला आणि इस्त्रीचा शर्ट चढवून वर्गाला गेला.

दुखणं त्या वर्गाचंच होतं. तासगावच्या अंगाला बेदाण्याच्या शेडवर परराज्यांतली बिऱ्हाडं आली होती. त्यांनी गावात मिसळावं म्हणून सरकारनं निधी दिला. समाजमंदिरात पंखे आले, फळा आला, संध्याकाळचा मराठीचा वर्ग सुरू झाला. शिकवायला गावातलाच माणूस हवा होता. फौजेतून पेन्शनवर आलेल्या जोतीरामनं आपणहून हात वर केला. साऱ्या संसारात बायकोला कधी 'चहा बरा झालाय' म्हणाला नाही तो माणूस!

वर्गात सबा होती. आसामकडची की बंगालकडची, बनुबाईला सगळं सारखंच. बेदाणा निवडायची, बोलताना हसायची. शेडमागं जोतीराम तिच्या हातात पिशवी देताना बनुबाईनं स्वतः पाहिलं होतं. लगेच दुसऱ्या दिवशी सबाचा नवरा तौसीफ आपल्या मुलखाकडं गेला. आता तर रान मोकळंच.

बनुबाईची आग आग होत होती. जोतीराम न्हाणीत काहीतरी पुटपुटायचा, ती आली की गप्प. मोठ्या पडद्याचा फोन घेतलेला, तो तिला बघून पालथा घालायचा. एकदा तिनं सबाचा विषय काढला, तर म्हणाला, "लय गुणाची पोरगी हाय."

परमुलखातल्या बायांचं तिला आधीपासून वावडं. एकुलता एक धैर्यशील सोनं गाळायच्या धंद्यात लांब बंगालकडं गेला आणि तिकडचीच बायको करून बसला. 'ती या उंबऱ्याच्या आत आली तर मी हिरीत उडी घीन,' असं बनुबाईनं बजावलं होतं. पुढं घरात लेकाचं नाव निघालं नाही.

शालू गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी ती सरपंचाच्या दारात उभी राहिली.

"लालासाहेब, त्यो वर्ग बंद कर."

"काकू, गावानं नको म्हटलं तर निधी माघारी जाईल. आनि काकाच तर शिकवत्यात."

"म्हनूनच सांगते. त्या बायांनी माझा ल्योक नेला. आता नवराबी चाललाय. तू कुलूप लावतोस का मी लावू?"

निवडणूक तोंडावर होती आणि बनुबाईची भावकी मोठी. लालासाहेबानं कुलूप उचललं.

समाजमंदिराचं दार लोटलेलं होतं. आतून जोतीरामचा आवाज येत होता, अडखळणारा, मऊ. असल्या आवाजात तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. बनुबाईनं दार ढकललं.

बाकीची माणसं गेली होती. खडू सबाच्या हातात होता आणि फळ्यासमोर फौजी मांडी घालून सतरंजीवर बसला होता, मांडीवर पाटी घेऊन. पुढ्यात फोन उभा केलेला.

"न्हाई काका, असं न्हाई," सबा म्हणत होती. "परत बोला. घरी या, सगळी या."

जोतीराम ते वाक्य सबाच्या भाषेत, जीभ सांभाळत फोनला सांगू लागला.

बनुबाई तरातरा पुढं गेली आणि तिनं फोन हिसकावला.

पडद्यावर धैर्यशील होता. त्याच्या शेजारी डोक्यावर पदर घेऊन एक परकी पोर हात जोडून उभी होती, आणि तिच्या अंगावर बनुबाईचा हिरवा शालू होता.