खालची चिठ्ठी

बिवलकर सरांनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा डोळा लावला. बीजाणू कोनदारच होते. एकतीस वर्षांपूर्वी आंबोलीच्या जंगलात त्यांना सापडलेली ही अळंबी. वनस्पतिशास्त्र विभागात कुणीही पाहुणा आला की सर तिच्या वाळवलेल्या नमुन्याचंच पाकीट मिरवत. पण पाकिटावरच्या चिठ्ठीत त्यांनी लिहिलेलं नाव होतं गुळगुळीत बीजाणूंच्या अळंबीचं.

"यंदा त्याच जागी ताजी मिळाली, सर. शंका आली, म्हणून तुमचं पाकीट उघडलं," त्यांची विद्यार्थिनी हेमांगी मान खाली घालून म्हणाली. "तुम्ही म्हणाल तर कुठे बोलणार नाही."

सर तिच्याकडे बघतच राहिले. बीजाणू बघायला या पोरीला त्यांनीच शिकवलं होतं.

"बोलायचं नाही म्हणजे? माझी चिठ्ठी तशीच राहू दे, तिच्याखाली तुझी चिकटव. अळंबीचं खरं नाव, तारीख आणि तुझी सही. सही वाचता आली पाहिजे."

डिंकाची बाटली त्यांनीच उघडून दिली.

पाहुणे आले की सर अजूनही तेच पाकीट पुढे करतात. फक्त बोट आता खालच्या चिठ्ठीवर असतं.