बोक्याचं कुलूप

कुलपाच्या कडीवर मिठाचा पांढरा थर चढला होता. तांदळाच्या दाण्याएवढा जाड, आणि तोही फक्त खिडकीकडच्या बाजूला. खारा वारा तिथूनच आत येत होता. वीजघराची प्रमुख असलेल्या ताईने तो खरवडायला बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. कुलपाला लटकवलेल्या पट्टीवर तिच्या धाकट्या भावाचं गिचमिड अक्षर होतं: ‘हात लावाल तर चावेन. – बोका.’

बेटाला घासून जाणाऱ्या प्रवाहात टर्बाइन उभं होतं आणि ते चालू-बंद करायचा खटका या खोलीत होता. पाणबुड्याने उतरण्याआधी खटका पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली गळ्यात अडकवून पाण्यात जायचं, हा ताईचाच नियम. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. दुसरी किल्ली नाही. बोका पाती साफ करायला खाली गेला. दोर वर आला, बोका आला नाही. शोधायला गेलेल्या होड्याही केव्हाच परतल्या होत्या. टर्बाइन थांबलेलं होतं ते थांबलेलंच.

खटक्यासमोरच्या खुर्चीत बाबा बसले होते. दार उघडायच्या आत ते पायरीवर हजर असत. कुलपाजवळ कोणी गेलं की नुसते खाकरत.

दवाखान्यातली नर्स आत आली, पण उंबऱ्यापाशीच थांबली.

“मॅडम, जनरेटरचं डिझेल संध्याकाळपर्यंत जेमतेम पुरेल. वारा पडल्याशिवाय डिझेलची बोट सोडणार नाहीत म्हणे.”

“मशीनवर कोण आहे?”

“सुताराची बायको. ऑक्सिजन काढला की काळीनिळी पडते.” नर्सने बाबांकडे पाहायचं टाळलं. “पलीकडे न्यायचं म्हटलं तरी बोटच लागणार.”

वीजघराच्या फिटरने कपाटामागून लोखंड कापायची लांब दांड्यांची कात्री काढली. ती त्याने तिथे कधी आणून ठेवली, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

“तुम्ही म्हणाल तर कापतो,” तो म्हणाला. “पण आधी हजेरी, आणि मग तुमचं ते वाक्य. त्याशिवाय नाही कापणार. तुम्हीच घोटून घेतलंय आमच्याकडून.”

घोटून घेतलं होतं खरं. टर्बाइन सुरू करण्याआधी प्रमुखाने विचारायचं, पाण्यात कोण आहे? प्रत्येक पाणबुड्याने स्वतःच्या तोंडाने ‘मी बाहेर’ म्हणायचं. दुसऱ्याच्या वतीने कोणी बोलायचं नाही. सगळ्यांची हजेरी झाली की शेवटचं वाक्य प्रमुखाचं; ते म्हटल्याशिवाय खटक्याला हात लावायचा नाही. बोक्याला याचं भारी हसू यायचं. “ही काय शाळा आहे का, ताई?” म्हणायचा, आणि त्याची पाळी आली की ‘म्याव’ करायचा. ती त्याला सगळ्यांसमोर पुन्हा नीट म्हणायला लावायची.

“पाती फिरली,” बाबा म्हणाले, “आणि तो तिथेच कुठे अडकलेला असला तर?”

“तिथलं सगळं पाहून झालंय, बाबा.”

“सगळं कसं पाहणार? समुद्र म्हणजे काय कपाट आहे, उघडलं आणि बघितलं?”

टर्बाइनसाठी ही जागा ताईनेच शोधली होती. इथलं पाणी कमीजास्त होतं, पण उलटं फिरत नाही; बारा महिने एकाच दिशेला वाहतं. ते मोजून झालं त्या दिवशी ती घरी लहान मुलीसारखी नाचली होती. या पाण्यात सुटलेलं काही परत येत नाही, हे रिकामा दोर वर आला तेव्हाच तिला कळलं होतं. ते ती कोणाजवळ बोलली नव्हती. रोज जेवायला बसताना ती बोक्याचंही पान मांडत होती, कारण बाबा मांडलेली पानं आधी बघत आणि मगच बसत.

“मॅडम,” नर्स हळूच म्हणाली, “सुतार दवाखान्याबाहेर बसलाय. काय सांगू त्याला?”

ताईने पदर खोचला. दाराशी उरलेले दोघे पाणबुडे येऊन उभे राहिले होते.

“पाण्यात कोण आहे?” तिने विचारलं. आवाज नेहमीचाच निघाला.

“मी बाहेर,” थोरला पाणबुड्या म्हणाला.

“मी बाहेर,” दुसरा म्हणाला.

मग बोक्याची पाळी होती. भिंतीपलीकडे दवाखान्यासाठी चालवलेला जनरेटर एकदा अडखळला आणि पुन्हा चालू लागला. फिटरने कात्रीची तोंडं कडीवर टेकवली. थोडं मीठ जमिनीवर सांडलं.

बाबा खुर्चीच्या दांड्यांवर भार देत उभे राहिले. ताईकडे पाहत त्यांनी तोंड उघडलं. लेकाच्या वतीने ते ‘तो पाण्यात आहे’ म्हणणार, हे खोलीत सगळ्यांना कळलं.

त्यांचा शब्द फुटायच्या आत ताई बोलली.

“पाण्यात कोणी नाही.”