तीन महिन्यांची ठेव

"पुन्हा तीनच महिने?" टक्केसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो मावशी, त्या पैशांना आणखी किती दिवस असं अर्धपोटी ठेवणार?"

बँकेत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. ठेवींच्या टेबलावर चोवीस वर्षं टक्क्यांच्या गप्पा मारल्या, म्हणून टक्केसाहेब. कुणाचा पैसा कमी व्याजावर पडून राहिलेला दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. आणि समोर बसलेल्या या शिवणकामवाल्या मावशींनी तर चार वर्षं त्यांचा छळ मांडला होता.

दर तीन महिन्यांनी त्या यायच्या. बाहेरच्या पायऱ्या अंग तिरकं करून, एकेक करत चढायच्या, कारण दोन्ही गुडघे कामातून गेले होते. खुर्चीत टेकल्या की पिशवीतून पावती काढून म्हणायच्या, "होती तशीच ठेवा." अकरा लाख बेचाळीस हजार तीनशे सात. वरच्या सातालासुद्धा त्यांनी कधी हात लावू दिला नव्हता.

एकुलता एक मुलगा जहाजावर असतो, हे टक्केसाहेबांना ठाऊक होतं. नॉमिनी म्हणून त्याचंच नाव होतं. पोराने चार पैसे गाठीला बांधले आहेत आणि आई त्यांवर नागासारखी वेटोळं घालून बसली आहे, एवढा हिशेब त्यांनी मनाशी केव्हाच मांडला होता.

आज मात्र त्यांनी कंबर कसली होती. कोरा कागद पुढे ओढला.

"हे बघा. तीन महिन्यांची ठेव. कधीही मोडा, दंड नाही, पण व्याज सगळ्यात कमी. ही वर्षाची. व्याज जवळजवळ दीडपट. चार वर्षांपूर्वी माझं ऐकलं असतंत ना, तर नुसत्या वरच्या व्याजात एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं असतं."

"आणि मधेच मोडली तर?"

"थोडा दंड. तोही व्याजातून कापतात."

"म्हणजे कमी मिळणार."

"बरं, मग हा फंड घ्या. तीन महिन्यांपेक्षा जास्त देतो, सहसा बुडत नाही, आणि काढायचे म्हटलं की दोन दिवसांत हातात."

"सहसा?"

टक्केसाहेब चपापले. "म्हणजे एखाद्या दिवशी किंचित खालीवर होतं."

"आणि दोन दिवस म्हणजे दोनच?"

"मधे सुट्टी आली तर चार."

मावशींनी मान हलवली. "चार दिवस कोण थांबणार? त्याच दिवशी मिळायला हवेत. सगळे."

"अहो, पोरगा घरात पाऊल टाकल्या टाकल्या पैसे मोजायला बसणार आहे का?"

"तो नाही हो तसा." पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. "तो भूक भूक करतच आत येतो. चपलाही धड काढत नाही."

"येणार कधी?"

"आज-उद्या."

"मागच्या वेळीही आज-उद्याच म्हणाला होतात."

"मग? उद्या संपलाय का?"

टक्केसाहेब मोठ्याने हसले, पलीकडचा कॅशियरही हसला. मावशी तेवढ्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवला होता, आणि टाके इतके बारीक होते की बघणाऱ्याला वाईट वाटावं.

टक्केसाहेबांना वाटलंच. त्यांचा आवाज खाली आला.

"निदान व्याज तरी काढा, मावशी. खात्यात नुसतं साचून राहिलंय. या वयात डोळे फोडून मशीन चालवता, डॉक्टर ऑपरेशन सांगून थकला. तुमच्या हक्काचं आहे ते."

"राहू दे त्यातच. व्याजासकट मागितले तर?"

"आईकडे कुणी व्याज मागतं का?"

मावशींनी पावती त्यांच्याकडे आणखी पुढे सरकवली. टक्केसाहेबांनी मात्र त्या न पाहिलेल्या पोराला मनातल्या मनात दोन सणसणीत शिव्या हासडल्या. खुशाल समुद्रावर हिंडतोय, आणि इथे आई तिरकी होऊन एकेक पायरी चढतेय. आला की त्याला इथेच, या खुर्चीत बसवून चार शब्द सुनवायचे, असं त्यांनी पक्कं ठरवलं.

"ठीक आहे, तुम्ही जिंकलात," ते म्हणाले आणि फॉर्म पुढे घेतला. "फक्त एक नवा नियम आलाय. मोठ्या ठेवीचा पैसा कुठून आला ते लिहावं लागतं. मुलाने पाठवला, असं लिहितो."

"त्याने नाही. त्याच्या कंपनीने दिला."

"तेच ते. पगारच ना? काही कागद आहे?"

मावशींनी पिशवीच्या तळातून एक पाकीट काढलं. आतलं पत्र इतक्या वेळा उघडून मिटलेलं होतं की घड्यांवर त्याचे चार तुकडे व्हायचेच बाकी होते. टक्केसाहेबांनी ते टेबलावर हलकेच सरळ केलं आणि चष्मा डोळ्यांवर ओढला.

तारीख चार वर्षांपूर्वीची होती. जहाज बुडालं, बेपत्ता खलाशांचा शोध थांबवण्यात आला आहे, आणि आपल्या मुलाच्या मृत्यूबद्दल पूर्ण व अंतिम नुकसानभरपाई म्हणून सोबत अकरा लाख बेचाळीस हजार तीनशे सातचा चेक जोडला आहे.

त्यांनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मान वर करायचा त्यांना धीर होईना.

"लिहा ना, तीनच महिने," मावशी समजुतीने म्हणाल्या. "तो दारात येऊन उभा राहील आणि मागोमाग कंपनीची माणसं येतील. तेव्हा त्यांचे पैसे पुरे भरले नाहीत, आणि ती त्याला परत घेऊन गेली तर?"