डाळीची परीक्षा

मोजणीदारांनी टोमॅटो उलटसुलट करून पाहिला आणि परत ढिगावर ठेवला.

"मावशी, हा तुमच्या घरी न्या. मला कडक द्या."

भाजीवालीला मराठीचं अक्षर कळत नव्हतं आणि मोजणीदारांना तिची भाषा. पण नरम टोमॅटो कुठल्याही देशात नरमच असतो. ती हसली आणि तिनं तीन कडक टोमॅटो पिशवीत टाकले. चौथा त्यांनी तिच्या डोळ्यांदेखत स्वतः निवडला.

आज त्यांची परीक्षा होती. बायको गेल्यावर मुलीनं त्यांना इकडे परदेशात आपल्याकडे आणलं, त्याला आठ महिने झाले होते. त्यांना घरी जायचं होतं. तिथं त्यांचा कट्टा होता, कॅरमचे भिडू होते, आणि आपल्या दाराची किल्ली ते अजून रोज खिशात घालून फिरत. मुलीनं अट घातली होती. "ज्या माणसानं जन्मात चहा केला नाही, त्याला एकटं कसं सोडू? एकट्यानं बाजार करा, आईसारखी डाळ करून दाखवा. मग खुशाल जा."

पोरगी शब्दाची पक्की. रविवारचं तिकीटही तिनं काढून ठेवलं होतं.

महिनाभर त्यांनी डाळ करपवली, उतू घालवली, एकदा तर शिजवायलाच विसरून नुसती फोडणी दिली. आता मात्र हात बसला होता. पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस तो. त्यांनी डाळ वाटीनं मोजली, पाणी बोटाच्या पेरानं, आणि मिठाचा चमचा वरून सुरी फिरवून सपाट केला. लसूण तांबूस होताच फोडणी डाळीवर ओतली. चर्र झालं आणि घरभर वास सुटला. बायको मागे येऊन उभी राहिली आहे असं क्षणभर वाटून त्यांना गलबलून आलं.

त्यांनी चाखून पाहिली. पुन्हा चाखली. मीठ, आंबट, तिखट, सगळं जिथल्या तिथं.

"जिंकलास रे गड्या," ते स्वतःलाच म्हणाले. मिठाची बरणी झाकण लावून फळीवर ठेवली आणि ओटा पुसून घेतला.

मुलगी ऑफिसातून लवकरच आली. अंगातला कोट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"जमलं?"

"जमलं म्हणजे काय! बॅग भरायला घे."

"वास तर आईचाच येतोय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "घामानं भिजलात किती. तोंड धुऊन या, मी पानं घेते."

मोजणीदार गुणगुणत गेले आणि गुणगुणत आले. ताटात गरम भात होता, वर डाळ.

"हं, परीक्षक, घ्या पहिला घास," ते म्हणाले.

"नाही, आधी तुम्ही."

त्यांनी घास घेतला आणि जबडा जागच्या जागी थांबला. डाळ खारट होती. घशाखाली उतरू नये इतकी खारट. त्यांनी ओट्याकडे पाहिलं. मिठाची बरणी फळीवरून खाली आली होती आणि तिचं झाकण बाजूला पडलं होतं.

मुलगी मान खाली घालून भातातून बोट फिरवत होती. कोट अजून अंगातच होता.

"काय झालं, बाबा?"

मोजणीदारांनी घास नीट चावून गिळला. वर पेलाभर पाणी प्यायले.

"काय व्हायचंय? मोजण्यात घोटाळा झाला माझ्या," ते म्हणाले. "साफ नापास! रविवारचं तिकीट रद्द करून टाक."