पुंगळीवरची खाच

"टक्," मॅक्सीन म्हणाली. "रोज दिवेलागणीला, एकदाच. या कपाटातून. बंदुकीचा चाप ओढल्यावर येतो ना, तोच आवाज. आता मला वेडी म्हणायचं तर खुशाल म्हणा."

"वेडी कोण म्हणतंय, आई?" ग्लेंडाने कपाळाला हात लावला. "एकटं राहिलं की होतात माणसाला भास. म्हणून तर माझ्याकडे चल म्हणते ना!"

सामान भरायची खोकी तिने येतानाच आणली होती आणि बाहेर ओसरीवर रचून ठेवली होती. सकाळी आईला शहरात न्यायचं, हे लेकीचं ठरलेलं. हे घर सोडायचं नाही, हे आईचं ठरलेलं. शेवटी म्हातारीने दिराला फोन करून बोलावून घेतलं.

दीर म्हणजे डेल्मर. तो टेबलाशी बसून मेलेल्या भावाची, ऑर्व्हलची रायफल न्याहाळत होता. पॉइंट बावीस कॅलिबरची, एका वेळी एकच काडतूस घेणारी, बापाने दोघा भावांत मिळून दिलेली. लहानपणी हिच्यावरून दोघांनी एकमेकांची डोकी फोडली होती. दस्त्यावर ऑर्व्हलचा गाल टेकायचा तिथे लाकूड काळंभोर झालं होतं. डेल्मरने तिथे अंगठा फिरवला.

"वहिनी, ही आपोआप वाजणारी वस्तू नव्हे. ही मागची मूठ बघ. दोन बोटांनी मागे ओढल्याशिवाय चाप काही करत नाही. बोटं लागतात, बोटं."

"मला शिकवतोस? सगळा संसार त्या आवाजावर केलाय मी."

ते खरंच होतं. आमच्या डोंगरात शहाणा माणूस बावीसच्या रिकाम्या रायफलीचा चाप ओढत नाही. काडतुसावर आपटायची पिन नुसतीच नळीच्या काठावर आपटते आणि चांगल्या बंदुकीची वाट लागते. ऑर्व्हल खारींच्या शिकारीहून परतला की मागच्या दारात उभा राहायचा, जिवंत काडतूस काढायचा, उडवलेल्या काडतुसाची पुंगळी आत सारायचा आणि स्प्रिंगचा ताण सोडवायला चाप ओढायचा. टक्. त्या आवाजावर मॅक्सीन ताटल्या मांडायची. गेल्या पानगळीत तो हिकरीच्या झाडाखाली सापडला, छातीवर हात धरलेला. रायफल शेजारीच होती. काडतूस आत, मूठ ओढलेली.

"तेवढं राहून गेलं बिचाऱ्याचं," मॅक्सीन म्हणाली.

डेल्मर उठला. "चला, एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

त्याने परसात जाऊन कुंपणावरच्या डब्यावर एक बार काढला, पुंगळी घेऊन आत आला आणि ग्लेंडाच्या नाकासमोर धरली. "पिन बुडाच्या कडेवर बसते. ही बघ खाच. हिची पिन झिजलीय, म्हणून खाच तिरकी पडते. दुसऱ्या कुठल्या बंदुकीची अशी पडायची नाही. किती आहेत?"

"एक."

"नीट बघ. मागाहून बोलायचं नाही."

"एकच आहे, काका!"

त्याने पुंगळी जराशी फिरवून परत आत सारली. पिन पुन्हा आपटलीच, तर नवी खाच जुनीच्या शेजारी दिसावी म्हणून. मूठ ओढली नाही. रायफल कपाटात उभी केली. कपाटामागे दगडी भिंत, पुढे एवढं एकच दार. ग्लेंडाने खुर्ची ओढली आणि त्या दाराला पाठ लावून बसली.

"आता बाबांना यायचं असेल तर माझ्या डोक्यावरून उडी मारून येऊ देत," ती म्हणाली आणि एकटीच हसली.

चुलीवर घेवडा रटरटत होता. मक्याचा पाव झाकून ठेवला होता. खिडकीतला उजेड टेकडीमागे उतरत गेला. दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. डेल्मरला उगाचच बाहेर पाचोळा वाजल्यासारखा वाटला.

मॅक्सीन उठली. "आला," ती म्हणाली आणि मांडणीवरून ताटल्या काढू लागली.

"मला नाही बुवा काही ऐकू आलं," डेल्मर म्हणाला. "माझे कान बंदुकांनी कधीच खाल्ले. ग्लेंडा, तुला?"

"नाही." ती फार घाईने म्हणाली. तिची पाठ दारापासून सुटली होती.

"ऊठ. सरक."

त्याने दिवा लावला, रायफल टेबलावर आणली, नळी उघडायला बोल्ट मागे घेतला. पुंगळी टेबलावर पडली आणि गडगडत पावाच्या थाळीला जाऊन लागली. त्याने चष्मा लावला. पुंगळी बोटांत फिरवली. मग उलटी फिरवली.

"काका, एकच आहे ना?"

डेल्मरने पुंगळी तिच्या तळहातावर ठेवली. ग्लेंडाने ती दिव्याखाली धरली, कडेवरून नख फिरवलं. नख एकदा अडकलं. पुढे सरकलं, आणि पुन्हा अडकलं. दुसरी खाचही तिरकीच होती.

मॅक्सीनने तिच्या हातातून पुंगळी काढून घेतली आणि दिराला दिली.

"घाल परत आत. उद्या शोधत बसेल."

डेल्मरने पुंगळी आत सारली, रायफल कपाटात ठेवली आणि दार लोटलं. ग्लेंडा तशीच उभी होती.

"काका," ती म्हणाली, "ती खोकी माझ्या गाडीत टाकाल? रिकामीच नेते."

मॅक्सीनने ताटलीत घेवडा वाढला, वर पावाचा तुकडा ठेवला. "बस गं आता. निवतंय."

ग्लेंडाने आपली खुर्ची कपाटापुढून उचलली आणि टेबलाच्या पलीकडे नेऊन ठेवली.

"तिथेच बसायचं होतंस की," मॅक्सीन म्हणाली.

"नको, आई. तिथे वाटेत येते मी."