कापलेली माफी

फिजीच्या राजधानीत, सुवातल्या कॉलेजच्या एडिटिंगच्या खोलीत लोसा हसून हसून बेजार झाली होती. तिच्या फिल्ममधला खुनी, म्हणजे सेमी, पुठ्ठ्याचा कोयता उगारण्याआधी दर वेळी हळूच "तुलोऊ" म्हणत होता. कुणाच्या डोक्यावरून हात न्यायचा तर आधी असं "तुलोऊ" म्हणून माफी मागायची, हे फिजीत आईच्या कडेवर असतानाच अंगात मुरतं.

"खुनी कुठला माफी मागतोय, मेला!" म्हणत लोसानं तो शब्दच कापून टाकला.

"काप, काप," शेजारी कसावाचे चिप्स खात बसलेला विली म्हणाला. फिल्ममध्ये मरणारा तोच होता. "निदान मला धड मरू दे."

तिनं शॉट पुन्हा लावला.

या खेपेला पुठ्ठ्याचा कोयता विलीच्या मानेवर वाकला नाही. खच्चकन आवाज झाला आणि पडद्यावरचा विली कोसळला. शूटिंगच्या वेळी तिनं ओरडलेलं "कट!" ऐकू आलं, पण सेमी थांबेना. तो घावावर घाव घालतच राहिला.

शब्द परत जोडायला लोसानं घाईघाईनं मूळ शॉट उघडला. त्यातही आता सेमीचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"लोसा," शेजारून विली म्हणाला, "माझ्या मानेला ओलं काय लागतंय गं?"