सात पिढ्यांचा पासवर्ड

अपग्रेड अर्ध्यातच अडकलं आणि रोज बोट टेकवून उघडणारा माझा लॅपटॉप एकदम पासवर्ड मागायला लागला. तो घातला होता बाबांनी, घेऊन दिला तेव्हा. त्यांना जाऊन वर्ष झालं. खाली त्यांनीच लिहिलेली खूण होती: ‘लेकाचे सात पूर्वज’.

मला हसूच आलं. बापापासून वर सात नावं ज्याला घडाघडा येत नाहीत तो किरगिझ कसला! टाइप केली. चूक. पुन्हा केली. परत चूक.

“आई, बाबा एखादं नाव चुकले बघ!”

समोर बसलेले तुरारकाका, बाबांचे थोरले भाऊ, चहाची वाटी तोंडाशी नेता नेता थांबले. आईने त्यांच्याकडे पाहिलं.

“वरची सहा बरोबर आहेत,” ती म्हणाली. “पहिलं तेवढं काढ. काकांचं घाल.”